हेलियमनं पावणेदोनपट पळायला हवं

मला आनंद पचत नाही. चांगली बातमी कळली की दहा मिनिटांच्या आत ती चार जणांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पाचव्याला सांगताना ती थोडी मोठीही झालेली असते. ही पोरगी एक दिवस तोंडघशी पडणार, असं आईनं मी शाळेत असतानाच जाहीर करून टाकलं होतं. मी पडले ती चाळिशी ओलांडल्यावर, एका मंगळवारी, बंगळुरात. ज्या आकड्यावरून पडले तो शंभर होता.

कसले शंभर, ते आधी सांगते. हेब्बाळच्या पुढे एका संशोधन संस्थेत आमची प्रयोगशाळा आहे. तिच्या मधोमध माणूसभर उंचीचं, पोकळ कड्याच्या आकाराचं एक पोलादी यंत्र आहे. त्यातली हवा काढून टाकायची, आत चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि त्यातून प्रचंड विजेचा प्रवाह खेळवायचा. मग अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्यांच्यावाचून उरलेले जड आयन सुटे होतात, आणि सगळे मिळेल त्या दिशेनं धावत सुटतात. हा प्लाझ्मा. अशा एका खेपेला आम्ही शॉट म्हणतो, आणि तो पापणी लवायच्या आत संपतो. मग पाच-सहा मिनिटं थांबायचं आणि पुढचा घ्यायचा. दिवसाला वीसेक शॉट होतात.

यंत्र जुनं झालं होतं आणि ती जागा दुसऱ्या एका विभागाला हवी होती. त्यासाठी नेमलेल्या समितीनं आम्हाला लेखी अट घातली होती: आयनांचं तापमान शंभर इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेल्याचं दाखवा, नाहीतर मार्चनंतर यंत्र मोडीत काढू. माझी नेमणूक याच यंत्रापुरती होती. मुलगी झाल्यावर आठ वर्षं मी घरी होते. त्यानंतर अर्ज करून करून थकले तेव्हा या एका प्रयोगशाळेनं मला उभं केलं होतं. सर्जापूर रोडवरून पहाटेच म्हणावं अशा वेळी निघून, बेळ्ळंदूरच्या गर्दीत तासभर बसून मी रोज तिथे पोचत होते, आणि एकही दिवस मला त्याचा कंटाळा आला नव्हता. यंत्र मोडलं तर मी पुन्हा घरी बसणार, हे मला स्वच्छ माहीत होतं.

शंभर इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे साडेअकरा लाख अंशांच्या आसपास. हे मी बेळगावला आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं काळजीनं विचारलं, की मग हात भाजत नाहीत का. मी म्हटलं, त्यात कपभर चहासुद्धा उकळणार नाही. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. पण खरंच तसं आहे. आतले कण इतके विरळ असतात की सगळ्यांची मिळून उष्णता हातात फारशी येतच नाही. साडेअकरा लाख अंश हे त्यांच्या वेगाचं वर्णन आहे. तापमान म्हणजे कणांची धावपळ, आणि तीही प्रत्येकाची आपापल्या दिशेनं.

या धावपळीचा एक नियम आहे आणि तो मला कॉलेजात असल्यापासून फार आवडतो. एका तापमानाला सगळे कण सारख्या वेगानं पळत नाहीत. एकमेकांना धडकून धडकून त्यांची ऊर्जा सारखी होते, वेग मात्र वजनाप्रमाणे वाटला जातो. जड कण सावकाश, हलका कण जोरात. आणि वेग दुप्पट व्हायचा असेल तर तापमान चौपट लागतं. शंभरच्या तापमानाला कार्बनचा कण आमच्या दिशेनं सेकंदाला साधारण अठ्ठावीस किलोमीटर धावतो आणि हेलियमचा एकोणपन्नास. मला माहेरी जायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो. हेलियम बेळगावला दहा सेकंदांत पोचेल, कार्बनला अठरा लागतील. इलेक्ट्रॉनचं तर विचारूच नका, तो एका सेकंदात चार वेळा जाऊन येईल.

पण मोजायचं कसं? यंत्राच्या आतल्या ग्रॅफाइटचा थोडा कार्बन झडून प्लाझ्मात मिसळतोच, आणि तो एका ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. रिंग रोडवर आपल्याकडे येणाऱ्या अँब्युलन्सचा आवाज चढलेला ऐकू येतो आणि पुढे गेली की उतरतो, तसंच प्रकाशाचं होतं. आपल्याकडे धावणाऱ्या कणाचा रंग जरासा निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्याचा तांबड्याकडे. सगळ्यांचा प्रकाश एकत्र पाहिला की रंगाची बारीक रेघ जाड होते. जितकी जाड रेघ, तितकी जास्त धावपळ, तितकं जास्त तापमान. ती रेघ मोजायचं काम माझं होतं.

प्रकाश फार अंधुक असतो, म्हणून मी दोन दिवसांच्या चाळीस शॉटचा प्रकाश एकावर एक रचला. त्या मंगळवारी सकाळी रेघेवर वक्र बसवला आणि पडद्यावर आकडा उमटला. शंभर. मी तीनदा पुन्हा बसवला. शंभर, शंभर, एकशे एक. मी उठले ती तडक सरांच्या खोलीत. सर म्हणजे आमचे प्रमुख, नागपूरकडचे, फार शांत गृहस्थ. त्यांनीसुद्धा खुर्ची मागे सारली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तासाभरात त्यांनी समितीला पत्र धाडलं. मी नवऱ्याला कळवलं, आईला कळवलं, वॉचमनलाही कानडीत कळवलं. फ्रीजमध्ये माहेरून आलेला कुंदा होता तो दुसऱ्या दिवशी डबाभर नेऊन वाटला. समिती पुढच्या बुधवारी येणार होती.

आता एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? मला वाटलं, शंभर दाखवायचे तर थाटात दाखवू. थोडा हेलियम सोडू आणि त्याचीही रेघ मोजू. कार्बन हेलियमच्या तिप्पट जड, तेव्हा त्याच तापमानाला हेलियमनं कार्बनच्या पावणेदोनपट पळायला हवं. काटेकोर सांगायचं तर तिनाचं वर्गमूळ, एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांश, पण आमच्यात सगळे पावणेदोनच म्हणतात. कार्बन अठ्ठावीस, हेलियम एकोणपन्नास. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की समितीची बोलती बंद होणार, अशी माझी खात्री होती. गुरुवार आणि शुक्रवार आम्ही हेलियम सोडून शॉट घेतले आणि पुन्हा चाळीसांची बेरीज केली.

कार्बन पुन्हा अठ्ठावीस आला. हेलियम मात्र बेचाळीस. बेचाळीस भागिले अठ्ठावीस. दीड.

आधी मला हेलियमचाच राग आला. मग भिंगांचा, मग गणिताचा. शनिवारी सुट्टी असून मी प्रयोगशाळेत येऊन बसले आणि सगळी मोजणी पहिल्यापासून केली. ज्याचा रंग पक्का ठाऊक आहे अशा दिव्यावर उपकरण तपासलं, ते ठीक होतं. दोन्ही रेघा प्लाझ्माच्या एकाच भागातून येत होत्या, तेही पुन्हा पाहिलं. काही केल्या पावणेदोन येईना. कार्बनला विचारलं तर तो शंभर सांगत होता, हेलियमला विचारलं तर त्र्याहत्तर. एकाच जागी, एकाच वेळी दोन तापमानं. याचा अर्थ एकच होता, की रेघेच्या जाडीत धावपळीशिवाय आणखी काहीतरी शिरलं होतं, आणि ते वजन पाहत नव्हतं. जड कार्बनला आणि हलक्या हेलियमला ते सारखंच रेटत होतं.

सोमवारी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी हेलियमचा कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, की समितीनं हेलियम मागितलेला नाही. एवढंच बोलले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचीही सारी उमेद त्या यंत्रात गेली होती. खरं सांगते, जिना उतरताना मलाही वाटून गेलं की खरंच, कुणी मागितलाय? अट शंभरची होती, कार्बन शंभर म्हणत होता. मी हेलियमचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला, आणि मग दिवसभर मला माझ्या पर्सकडे बघवेना.

मंगळवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत अण्णा भेटले. अण्णा यंत्राचे तंत्रज्ञ. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातच आहे आणि घरात अजून मराठी बोलतात, निम्मी कानडी. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणतात. उद्या समितीपुढे मांडायचे शॉट नोंदवहीशी जुळतात का, एवढंच मला त्यांच्याकडून तपासून हवं होतं. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून बोट खाली खाली नेलं आणि मध्येच थांबवलं.

"अक्का, ह्यात मध्यान्हाचे शॉटपण घातलात काय?"

मी म्हटलं, सगळेच घातलेत, प्रकाश कमी पडतो ना.

"सरी, ठीक. पण सकाळचे निराळे, मध्यान्हाचे निराळे. जेवण झाल्यावर मी करंट उलटा करतो की."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. यंत्राच्या पोटात एक मोठा लोखंडी गाभा आहे. सतत एकाच दिशेनं प्रवाह दिला तर त्याच्यात त्या दिशेचं चुंबकत्व साठत जातं आणि शॉट मरगळतात. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत अण्णा तांब्याच्या जाड पट्ट्या सोडवून उलट्या जोडतात आणि दुपारचे शॉट उलट्या प्रवाहाचे होतात. लोखंडाला एका कुशीवर फार झोपू द्यायचं नाही, असं ते म्हणतात. ही गोष्ट आमच्याकडे इतकी अंगवळणी पडलेली की ती नोंदवहीत कुणी लिहीतही नाही. पायातल्या चपला काढून आत आलो, असं कोण लिहून ठेवतं?

मी डबा तसाच टाकून पळाले. सकाळचे वीस शॉट वेगळे काढले, दुपारचे वीस वेगळे. रेघा पडद्यावर एकाखाली एक लावल्या. सकाळची रेघ निळ्याकडे सरकलेली होती, दुपारची बरोबर तेवढीच तांबड्याकडे. सगळा प्लाझ्माच कड्यात गोल फिरत होता. सकाळी सेकंदाला सतरा किलोमीटरनं माझ्याकडे येत होता आणि प्रवाह उलटला की त्याच वेगानं माझ्यापासून दूर जात होता. मी दोन्ही एकावर एक ठेवून एक जाड रेघ बनवली होती आणि तिला तापमान म्हणत होते.

आमची ऑफिसची बस साठच्या वेगानं हेब्बाळकडे निघाली म्हणून आतली माणसं धावपळ करतात असं कुणी म्हणेल का? ती तर माना टाकून झोपलेली असतात. सगळ्यांनी मिळून एकीकडे जाणं हे तापमान नव्हे. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, दुसऱ्यांना शिकवलेलं होतं, आणि स्वतः मात्र सकाळची बस आणि दुपारची बस एकत्र मोजून बसले होते.

मग मी सकाळच्या एकट्या रेघेची जाडी काढली. कार्बन बावीस, हेलियम अडतीस. भागाकार करायला कॅल्क्युलेटर कशाला हवा होता, तरी केला. एक पूर्णांक त्र्याहत्तर. दुपारचे केले, एक पूर्णांक एकाहत्तर. पावणेदोन! मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या कार्यशाळेतली लेथ बंद पडली. अण्णा धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला. मी त्यांना पडदा दाखवला, निळी रेघ, तांबडी रेघ, बावीस, अडतीस. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. एवढ्याशा गरम धुक्यात जड कण आणि हलके कण आपापल्या वजनाप्रमाणे वेग वाटून घेत होते, पुस्तकात लिहिलंय अगदी तसे, आणि वरून सगळे मिळून गोलही फिरत होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते.

अण्णांनी विचारलं, मग शंभर किती झालं. मी म्हटलं, साठ. कार्बन आणि हेलियम एकमतानं साठ सांगतायत.

त्यांनी वळून यंत्राकडे पाहिलं. म्हणजे यंत्र जाणार, हे ते बोलले नाहीत, पण मी ऐकलं. तरीही मला हसू आवरत नव्हतं. शंभर आणि साठ, ऐकायला केवढी दरी वाटते. वेगात पाहिलं तर अठ्ठावीस आणि बावीस. आणि हे बावीस खरे होते.

सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, पत्र माझ्या सहीनं गेलंय, पण उद्या तुम्हीच सांगा, मला हे तुमच्यासारखं सांगता येणार नाही.

बुधवारी साडेदहाला समिती आली. चार पुरुष आणि अध्यक्ष बाई. बाई सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, दिल्लीहून आलेल्या, दुपारी चारच्या विमानाचं तिकीट काढलेल्या. आम्हाला वीस मिनिटं दिली होती. रात्रभर मी प्रस्तावना पाठ केली होती, ती उभी राहताच विसरले. म्हटलं, मागच्या आठवड्यात आम्ही शंभर कळवले ते चूक होतं. चूक माझी आहे. खरा आकडा साठ आहे.

एकानं लगेच फाइल मिटली. बाईंनी मिटली नाही. त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुम्ही शंभर दाखवले असते तर आमच्यापैकी कुणाला कळलं नसतं. तुम्हाला ठाऊक आहे ना हे?"

"हेलियमला कळलं होतं," मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, साठ तरी खरे कशावरून. आणि माझी गाडी सुटली. सकाळ, दुपार, निळा, तांबडा, बस, पावणेदोन, मी काय काय बोलले ते मला सांगता येणार नाही. वीस मिनिटं केव्हाच संपली होती. मध्येच बाईंनी हात वर केला आणि हे आत्ता करून दाखवता येईल का, असं विचारलं.

आम्ही सगळे यंत्राकडे गेलो. सकाळच्या दिशेनं पाच शॉट घेतले. पाच शॉटची बेरीज म्हणजे रेघ खडबडीतच, पण निळ्याकडे सरकलेली स्पष्ट दिसली. मग अण्णांनी पाना घेतला आणि पट्ट्या सोडवायला बसले. त्या कामाला पाऊण तास लागतो. मला वाटलं आता पाहुणे जेवायला जातील. बाई गेल्या नाहीत. अण्णांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि सोप्या हिंदीत त्यांना विचारलं, हे किती वर्षं करता.

"एकोणीस," अण्णा म्हणाले.

बाईंनी वळून सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकोणीस वर्षं रोज दुपारी तो प्लाझ्मा पाठ फिरवून उलटा धावत होता, आणि कुणी बघितलंच नव्हतं. सकाळी रेघ जाडजूड असायची, दुपारीही असायची, आम्ही बेरीज करून घरी जात होतो.

अण्णांनी शेवटचा नट आवळला. पुन्हा पाच शॉट. पडद्यावर नवी रेघ हळूहळू भरत गेली, पहिलीच्या खाली, तांबड्याच्या बाजूला. पाचवा शॉट झाला. बाई खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"हे यंत्र मोडायचं पहिल्यांदा कुणी सुचवलं होतं?"

फाइल मिटलेल्या गृहस्थांनी घसा साफ केला. "आपणच, मॅडम."

बाईंनी अटीचा कागद मागितला. शंभरच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं, "दोन्ही दिशांनी मोजावे. तीन वर्षे." खाली सही केली आणि कागद शेजारच्याला दिला. बाकीच्यांनी उभ्या उभ्याच सह्या केल्या. चारचं विमान त्यांना मिळालं की नाही, मला माहीत नाही. त्या वेळी मी काय केलं तेही मला आठवत नाही. अण्णा सांगतात, मी त्यांचा दंड इतका घट्ट धरला होता की त्यांच्या हातातला पाना खाली पडला, आणि मी रडत रडत त्यांना एकच विचारत होते, उद्या सकाळी पहिला शॉट किती वाजता घ्यायचा.